मॅमोग्राफीची शिकवणी

क्ष-किरण खात्यात ज्यांची हयात गेली त्यांना हे सांगावे लागत नाही की, हाडाचे चित्र घेणे आणि स्तनाचे चित्र घेणे ही दोन्ही कामे एकाच यंत्रविद्येतून निघालेली असली तरी त्यांचा स्वभाव अगदी निराळा आहे. मनगट पालथे ठेवावे, गुडघा वाकवावा, कंबर टेकवावी, म्हणजे पुस्तकात सांगितलेल्या खुणा बोटाला लागतात आणि चित्र बहुधा ठीक येते. स्तनाला अशी एकही हाडाची खूण नाही. तो प्रत्येक स्त्रीचा वेगळा, एकाच स्त्रीच्या दोन बाजूंना वेगळा, आणि वयाबरोबर, बाळंतपणांबरोबर, इतकेच काय पण महिन्याच्या दिवसांबरोबरही बदलत जाणारा. अशा अवयवाची प्रतिमा घेण्यास क्ष-किरण तंत्रज्ञांना शिकविण्याचे काम मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात माझ्याकडे आले आणि माझ्या नोकरीची पुढील बहुतेक वर्षे त्यातच खर्ची पडली. त्या काळात माझे एक मत बनत गेले. जे चित्राच्या चौकटीत आलेच नाही ते कितीही निष्णात डॉक्टरला दिसणे शक्य नाही. आणि ते चौकटीत येणार की बाहेर राहणार याचा निकाल किरण सुटण्यापूर्वीच्या दोन-चार मिनिटांत तंत्रज्ञाच्या हाताने आणि तोंडाने लागून गेलेला असतो.

आमच्याकडे येणाऱ्या शिकाऊ मुली जिल्ह्याजिल्ह्यांतून येत. काहींची नेमणूक नुकतीच झालेली, काहींनी छातीची आणि हाडांची हजारो चित्रे काढलेली. आल्या दिवशीच यंत्राला हात लावावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा असे, आणि मी त्यांना यंत्राच्या खोलीत नेतच नसे, यामुळे त्यांची थोडी निराशाही होई. प्रथम शरीररचना. दुसऱ्या बरगडीपासून सहाव्या बरगडीपर्यंत आणि उरोस्थीच्या कडेपासून काखेच्या मध्यरेषेपर्यंत स्तनाचा विस्तार. त्याचे एक शेपूट वर काखेत शिरलेले, ज्याला एडिंबरोच्या जेम्स स्पेन्स या शल्यविशारदाचे नाव पडले आहे. आत पंधरा ते वीस खंड आणि स्तनाग्राकडे येणाऱ्या त्यांच्या नलिका. या सगळ्याला त्वचेशी बांधून ठेवणारे तंतू, ज्यांचे वर्णन लंडनच्या ॲस्टली कूपरने १८४० च्या आपल्या ग्रंथात केले. आणि मागे, छातीच्या मोठ्या स्नायूपासून स्तनाला अलग ठेवणारा चरबीचा थर. हे सारे मुली घडाघडा म्हणून दाखवीत. परंतु ‘हा अवयव कोणत्या बाजूने हलतो आणि कोणत्या बाजूने हलत नाही?’ असे विचारले की वर्गात शांतता पसरे, कारण हा प्रश्न त्यांना परीक्षेत कोणी विचारलेला नसे.

वास्तविक आमची सारी विद्या या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहे. स्तनाची खालची आणि बाहेरची कड सैल असते. वरची आणि आतली कड छातीला जखडलेली असते. सैल बाजू उचलून जखडलेल्या बाजूकडे न्यावयाची, उलट कधीही नाही. वरून खाली चित्र घेताना, म्हणजे ज्याला आम्ही सीसी म्हणतो त्या वेळी, स्तनाखालची घडी तळहाताने जेवढी सहज वर येईल तेवढी उचलावयाची आणि मग त्या उंचीला बकी, म्हणजे स्तन ज्यावर टेकवितात ती यंत्राची पाटी, आणावयाची. घाईत नेमके याच्या उलट घडते: बकी आधी कोठेतरी थांबवली जाते, बाईला तिच्यावर वाकविले जाते, आणि वरून उतरणारी दाबपट्टी न हलणाऱ्या भागाला ओढीत खाली येते. यात बाईला वेदना होतात त्या होतातच, शिवाय वरच्या अंगाचा मागचा भाग चित्रातून निसटतो. ही गोष्ट पाठ करून ध्यानात राहत नाही, पण एकदा स्वतःच्या अंगावर तपासून पाहिली की विसरत नाही. म्हणून मी मुलींना घरी जाऊन आरशासमोर हे पाहण्यास सांगत असे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यांवरूनच कोणी पाहिले आणि कोणी नाही ते मला कळे.

तिरप्या चित्राची, म्हणजे एमएलओची गोष्ट अधिक अवघड. त्यात यंत्राचा कोन छातीच्या स्नायूच्या उतारासारखा ठेवावा लागतो, आणि तो उतार उंच सडपातळ बाईत उभट, तर ठेंगण्या स्थूल बाईत आडवा असतो. तीस अंशांपासून साठ अंशांपर्यंत कोठेही. ‘पंचेचाळीसवर ठेवले की सगळे निभते’ असा शिरस्ता कित्येक ठिकाणी पडून गेला आहे, आणि तो मोडून काढण्यात माझी बरीच शक्ती गेली. चित्रात स्नायू निदान स्तनाग्राच्या पातळीपर्यंत खाली उतरलेला दिसावा, त्याची पुढची कड फुगीर असावी, स्तनाग्र कडेला स्पष्ट दिसावे आणि खालची घडी उघडी असावी, ही या चित्राची कसोटी. यातील फुगीर कडेची अट मला सर्वांत बोलकी वाटते. स्नायू सैल असला की ती कड बाहेर फुगते. बाईने खांदा आवळून धरला की स्नायू ताठ होतो, कड सरळ किंवा आत वळलेली दिसते, आणि स्तनाचा मागचा भाग त्या ताठ स्नायूबरोबर मागेच राहतो. म्हणजे समोरची बाई भ्यालेली होती की निश्चिंत होती, हे पुष्कळदा चित्रावरून वाचता येते. पुढेपुढे मी मुलींची चित्रे तपासताना कोनाचा आकडा नंतर पाहत असे आणि ही कड आधी.

या कामी बोलण्याला किती महत्त्व आहे हे एका विदर्भातून आलेल्या मुलीमुळे मला फार स्पष्ट दिसले. तिचा अभ्यास उत्तम, कोन अचूक, हालचाल चपळ. तरीही तिची तिरपी चित्रे ओळीने अपुरी येत. दोन दिवस मी काही न बोलता तिच्या मागे उभी राहिले. ती बाईपासून हातभर अंतरावर, अगदी अदबीने उभी राही आणि बोटांच्या टोकांनी, जणू भाजते आहे अशा रीतीने, स्पर्श करी. तिच्या मते ती समोरच्या बाईची लाज राखीत होती. पण अनुभव असा की चाचपडणाऱ्या बोटांच्या टोकांनी बाई अधिक संकोचते, आणि पूर्ण उघडा, स्थिर तळहात ठेवला की तिला हा दवाखान्याचा हात आहे हे कळते व ती अंग सोडते. मी त्या मुलीला एवढेच सांगितले की बाईच्या जवळ जा, एक हात तिच्या पाठीवर राहू दे, आणि प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांग. शिवाय ‘सैल सोडा’ हे शब्द वापरावयाचे नाहीत असाही नियम मी घालून दिला. कारण ते ऐकून आजवर कोणी सैल झालेले मी पाहिले नाही. त्याऐवजी ‘मावशी, दुखरा खांदा कोणता?’ असे विचारावे. ती खांद्याविषयी सांगू लागते आणि सांगतासांगता तो खांदा आपोआप खाली येतो. आजी, मावशी, काकू, ताई, क्वचित खाला किंवा अम्मा, यांपैकी कोणाला कोणते संबोधन लागू पडेल हे मात्र शिकविता येत नाही. ते ज्याला-त्याला उमजावे लागते.

दाबाविषयी सर्वांत अधिक तक्रारी असतात आणि त्या खोट्या नाहीत. बाया एकमेकींना आधीच सांगून ठेवतात की तेथे दोन फळ्यांत चेपतात. हा दाब म्हणजे तंत्रज्ञाची निर्दयता नव्हे हे शिकाऊंना पटावे म्हणून मी त्यांना थोडा इतिहास सांगत असे: बर्लिनच्या आल्बर्ट सालोमोनने १९१३ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांची क्ष-किरण चित्रे अभ्यासली, १९३० मध्ये अमेरिकेत स्टॅफर्ड वॉरनने जिवंत स्त्रियांवर ही तपासणी करून दाखविली, पण चित्रातील बारीक चुनखडीचे कण रोगाची खूण असू शकतात आणि ते दिसण्यासाठी स्तन दाबून पसरविला पाहिजे, यावर भर दिला तो उरुग्वेच्या राउल लेबोर्न याने, १९५० च्या सुमारास. दाबाने जाडी कमी होते, म्हणून किरण कमी लागतात. अवयव हलत नाही, म्हणून चित्र पुसट होत नाही. आणि एकमेकांवर पडलेल्या सावल्या सुट्या होतात. हे सगळे तर्काला पटते. तरी नुसत्या तर्काने हात मऊ होत नाही हे ध्यानी घेऊन, ज्यांची तयारी असेल त्या मुलींना मी स्वतः यंत्रापुढे उभे राहावयास सांगू लागले. किरण अर्थातच सोडावयाचे नाहीत; फक्त सहकारिणीने नीट स्थिती द्यावयाची आणि पट्टी पूर्ण उतरवावयाची.

या प्रयोगातून जे हाती लागले ते मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नव्हते. मुलींचे जवळजवळ एकमत झाले की खरा त्रास दाबाचा नसतो. तो बकीचा कोपरा काखेत रुततो त्याचा असतो, बरगडीवर टेकलेल्या कडेचा असतो, मान एका बाजूला वळवून ताटकळण्याचा असतो, आणि पट्टीखाली चिमटलेल्या कातडीच्या एका घडीचा असतो. हे चारही टाळता येण्याजोगे आहेत. पट्टी पायाच्या कळीने अर्ध्यापर्यंत आणून शेवटचा भाग हाताने, बाईकडे पाहत पाहत, सावकाश उतरविण्याची रीत आमच्या खोलीत त्यानंतर कायम झाली. एक मुलगी स्वभावाने बरीच तुसडी होती. तिच्यावर हा प्रयोग झाला तेव्हा ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ‘थांबवायचे असेल तर हात वर करा, मी लगेच सोडीन’ हे वाक्य तिने प्रत्येक बाईला सांगण्यास प्रारंभ केला. विशेष हे की, असे सांगितल्यावर हात वर करणाऱ्या बाया फारच थोड्या निघाल्या.

यंत्राने आपल्या बळावर द्यावयाचा दाब १११ ते २०० न्यूटन या मर्यादेत असावा असे अमेरिकी नियम सांगतात, आणि तो आकडा आमच्या मुलींनाही पाठ असे. पण परदेशी पुस्तके ज्या स्त्रीला समोर धरून लिहिलेली असतात ती बहुधा निरोगी, तक्रार नसलेली, ठराविक मुदतीने तपासणीस येणारी स्त्री असते. आपल्याकडे सरसकट सर्व स्त्रियांची मॅमोग्राफी करण्याची राष्ट्रीय योजना नाही. २०१६ च्या सरकारी मार्गदर्शनात तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने तपासणी करावी असे ठरले आहे. त्यामागे कारणही आहे. आपल्याकडे हा रोग पाश्चात्य देशांच्या मानाने तरुण वयात होतो आणि तरुण स्तन चित्रात दाट पांढरा दिसत असल्याने त्यात पांढरी गाठ लपते. परळच्या टाटा रुग्णालयाने मुंबईतील दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे चालविलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राथमिक आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या हाताच्या तपासणीने रोग लवकरच्या अवस्थेत सापडतो, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटले, असे त्यात दिसून आले. मॅमोग्राफी शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने हे आनंदाने सांगावे असे काहींना वाटणार नाही, पण मला त्यात कमीपणा वाटत नाही.

याचा आमच्या शिकवणीशी संबंध असा की, आमच्या खोलीत येणाऱ्या बहुतेक बाया गाठ घेऊनच येत. कित्येकींनी ती महिनोन्‌महिने घरात लपविलेली असे, कोणी तिच्यावर गावच्या वैद्याचा लेप लावलेला असे, आणि क्वचित कातडी फुटलेलीही असे. अशा बाईवर आकड्याप्रमाणे दाब देणारी मुलगी नियमाला धरून वागत असेल, पण तिला काम येते असे मी म्हणणार नाही. तेथे पट्टी जेमतेम टेकवावी, किरण थोडे अधिक लागतील ते लागू द्यावेत, आणि नोंदवहीत कारण लिहावे. लेप मात्र आधी पुसून घ्यावा. त्यात जस्तासारखी धातू असली की चित्रात पांढरे ठिपके उमटतात. पावडरीचेही तेच. एकदा काखेजवळ विखुरलेले बारीक पांढरे कण पाहून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ओल्या फडक्याने काख पुसून चित्र पुन्हा घेतले तेव्हा सारे कण नाहीसे झाले होते. ती बाई दवाखान्यात जायचे म्हणून नीटनेटकी होऊन, अंगभर पावडर लावून आली होती.

मंगळसूत्राचा प्रश्न नियमावलीत एका ओळीत सुटतो: गळ्यातील सर्व दागिने काढावेत. प्रत्यक्षात तो एका ओळीत सुटत नाही. ज्या बाईला आपल्याला कर्करोग असेल या भीतीने आधीच ग्रासले आहे तिला मंगळसूत्र काढावयास सांगणे म्हणजे अपशकुनात भर टाकणे, असे तिला आणि बाहेर बसलेल्या तिच्या सासूला वाटते. मी मुलींना मुभा दिली होती: सूत्र पाठीमागे फिरवून चिकटपट्टीने पाठीवर लावावे, नाहीतर बाईच्या मनगटाला गुंडाळून द्यावे. एका तपासनीसाने यावर हरकत घेतली. मी त्यांना चित्रे दाखविली आणि यांपैकी कोणत्या चित्रात मणी दिसतात ते सांगा, असे म्हटले. हरकत कागदावर राहिली, पण मुभाही राहिली.

आता त्या प्रसंगाविषयी, ज्यानंतर मोजमाप हा आमच्या शिकवणीचा अनिवार्य भाग झाला. तिरप्या चित्रात स्तनाग्रापासून स्नायूपर्यंत काटकोनात रेघ काढून मोजावी, वरून घेतलेल्या चित्रात स्तनाग्रापासून स्नायूपर्यंत, किंवा स्नायू दिसत नसेल तर चित्राच्या मागच्या कडेपर्यंत मोजावे, आणि दोहोंत एक सेंटिमीटरहून अधिक फरक असू नये, असा एक साधा नियम आहे. हे काम मुलींना कारकुनी वाटे. एका दुपारी एका पन्नाशीच्या बाईची चार चित्रे झाली. दिसावयास स्वच्छ, सुबक, कोठे घडी नाही की सावली नाही. चित्रे डॉक्टरांकडे जाण्याच्या बेतात होती. एका नवख्या मुलीने, शिकविले म्हणून, मोजपट्टी लावली; तिरप्या चित्रात नऊ, वरच्या चित्रात सात. दोन सेंटिमीटर कोठे गेले? बाई कपडे घालून बाकावर बसली होती. तिला पुन्हा आत बोलावणे वरिष्ठ मुलीच्या जिवावर आले. या मुलीने बोलाविले. दुसऱ्या बाजूचा स्तन बकीच्या कोपऱ्यावर उचलून ठेवला, म्हणजे आतला भाग पुढे सरकतो. बाईला उरोस्थी टेकेपर्यंत पुढे घेतले, आणि चित्र घेतले. अगदी मागे, आतल्या बाजूस, चांदणीसारख्या टोकदार कडा असलेली एक छोटी घनछाया उमटली होती. गाठ हाताला लागण्याजोगी नव्हती. बाई दुसऱ्याच बाजूच्या दुखण्यासाठी आली होती. पुढची चिकित्सा रीतसर झाली, आणि रोग लवकर सापडला एवढे मला नंतर कळले.

फिल्मचे युग सरून डिजिटल यंत्रे आली तेव्हा आमच्या कामात फार मोठी सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वी एका अंगाला मसाला असलेली ती फिल्म भांडारातून मागणीपत्र लिहून आणावी लागे, डेव्हलपरचे तापमान बिघडले की दिवसाचे काम फुकट जाई, आणि फिल्म धुऊन येईपर्यंत बाई गाऊन पांघरून खिन्न बसून राही. त्या टंचाईमुळे हात मात्र आधी विचार करून उठत असे. आता चित्र काही क्षणांत पडद्यावर येते, म्हणून ‘येऊ दे, बिघडले तर पुन्हा घेऊ’ ही वृत्ती बळावली आहे. आणि पडद्यावर उजेड-अंधार कमीजास्त करून पुसट चित्र उजळते, म्हणून स्थितीची कसूरही तशीच भरून निघेल असा एक भ्रम पसरला आहे. चौकटीबाहेर राहिलेले मांस कोणत्याही कळीने आत येत नाही. हे मी प्रत्येक तुकडीला सांगत आले आणि प्रत्येक तुकडीत एकदोघींना ते अनुभवानेच पटले.

उलट टोकाचा दोषही पाहिला. इंग्लंडात चित्रांची उत्कृष्ट, चांगले, मध्यम आणि अपुरे अशी प्रतवारी करण्याची पद्धत आहे. ती आम्ही स्वीकारली तेव्हा एका हुशार मुलीला ‘उत्कृष्ट’चा इतका ध्यास लागला की, पाठीला बाक आलेल्या आणि खांदा आखडलेल्या एका वृद्धेचे एकच चित्र ती पुनःपुन्हा घेत राहिली. मी मध्ये पडून तिला थांबविले. ज्या शरीरातून उत्कृष्ट चित्र निघणे शक्य नाही त्यातून चांगले चित्र काढणे आणि जे राहिले ते अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरला स्पष्ट कळविणे, याला मी अधिक वरच्या दर्जाचे कौशल्य मानते. नोंदवहीतील ‘खांदा उचलता येत नाही, वरचा बाहेरचा भाग पूर्ण आलेला नाही, सोनोग्राफी पाहावी’ अशी एक ओळ कधी चार चित्रांचे काम करते.

शिकवून तयार झालेल्या या मुलींचे पुढे काय होते, तेही सांगितले पाहिजे. हे कसब अंगी मुरावयास कित्येक महिने जातात, आणि सराव सुटला की ते फार लवकर बोथट होते. असे असता सर्वसाधारण बदल्यांच्या हुकमात या तंत्रज्ञांची गणना इतर सर्वांबरोबरच होते. एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी तयार केलेली एकुलती एक मुलगी जेथे मॅमोग्राफीचे यंत्रच नाही अशा ग्रामीण रुग्णालयात रुजू झाली. तिच्या जागी आलेला तंत्रज्ञ सज्जन आणि जाणता होता, पण पुरुष असल्यामुळे बाया परत जाऊ लागल्या, आणि काही काळातच त्या यंत्रावर आच्छादन पडले. यंत्र नादुरुस्त नव्हते. कागदोपत्री ते चालू म्हणूनच दाखविले जात होते. ज्यांच्या हाती नेमणुकांचा आणि बदल्यांचा अधिकार आहे त्यांना माझी विनंती आहे की, मॅमोग्राफी शिकलेल्या स्त्री-तंत्रज्ञाची बदली करावयाची झाल्यास ती दुसऱ्या मॅमोग्राफीच्या यंत्रावरच करावी, आणि तिच्या जागी शिकलेली दुसरी रुजू झाल्याखेरीज तिला मोकळे करू नये. याला वेगळ्या खर्चाच्या मंजुरीची आवश्यकता नाही. आस्थापना शाखेचे एक परिपत्रक पुरेसे आहे.